थांब कुणीही, चल एकानंच

एकाचे दोन झाले.

संगणकाच्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात डोळ्याचं एक बारकं चित्र होतं आणि त्याच्या शेजारी गेले अकरा दिवस एकचा आकडा होता. तो एक म्हणजे स्वयंपाकघरातली बायको. पिठाच्या डब्याला फोन टेकवून ती भाजी निवडायची आणि निवडता निवडता त्याला बघायची. मधे एक भिंत. "एवढ्यासाठी इंटरनेट कशाला, दार उघडं ठेवलंत तरी दिसता की," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती, पण बघायची. गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमाराला, गेममधल्या क्रेनच्या हुकाला पाइपांचा जुडगा लटकत असताना, त्या एकाचे दोन झाले, आणि चौतीस वर्षं खऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये बसलेला तो खुर्चीत सरळ झाला.

"अगं, तू दोनदा बघतेयस का?" त्यानं ओरडून विचारलं.

"एकदाच पुरे होतंय," आतून उत्तर आलं.

म्हणजे दुसरं कुणीतरी होतं. कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी खुर्चीत बसून कुणीतरी त्याचं तोंड बघत होतं. त्यानं नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. उंचावर बसणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नसतं. लोक मान वर करायचे, पण ते क्रेन बघायचे. पोरांना दाखवायचे, बघ केवढी. आत एक माणूस बसलाय, त्याचं नाक खाजतंय, त्याला खाली उतरायला वीस मिनिटं लागतात म्हणून तो सकाळपासून पाणी बेतानं पितोय, हे कुणाच्या ध्यानात येत नसे. त्यालाही वरून माणसं दिसत नसत, टोप्या दिसत. पिवळ्या टोप्या पुष्कळ आणि लाल टोपी एक. लाल टोपी म्हणजे सिग्नलवाला. त्याच्या दोन हातांशिवाय दिवसभर जगातलं कुणी त्याच्याशी बोलत नसे. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, तळवा खाली करून फिरवला की उतरव, मूठ आवळली की थांब. त्याला ते फार बरं वाटायचं. हातांना अक्षरं नसतात.

आता मात्र पडद्याच्या उजव्या बाजूला, जिथं अकरा दिवस कोरी पट्टी होती, तिथं अक्षरं उमटली. नाव होतं उलटी छत्री. त्याखाली एक ओळ. त्यानं दोन्ही हात क्रेन चालवायच्या मुठींवरून काढले नाहीत, फक्त मान पुढे केली, आणि बायकोनं शिकवलं होतं तसं, ओठ हलवत, पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. था. वरचा ठिपका. बा. थांबा. पुढचं वाचायची गरजच उरली नाही. त्याचे हात आपोआप थांबले. पाइपांचा जुडगा हवेत दोनदा झोके घेऊन स्थिर झाला. मग त्यानं सावकाश उरलेली ओळ वाचली: मी चहा घेऊन येतो.

तो थांबला. हात मांडीवर ठेवले, नजर समोर ठेवली आणि थांबला. दोर ताणलेला असताना क्रेनवाला खुर्ची सोडत नाही, खाली बघत बसतो, इतकंच. बाहेर भाजीवाला ओरडून गेला. भिंतीपलीकडे नळ सुरू झाला आणि बंद झाला. सात मिनिटांनी उलटी छत्री परत आली. तुम्ही खरंच थांबलात? त्यानं तेही वाचलं, आता जरा भरभर, कारण थांबा हा भाग आधी येऊन गेला होता. माइककडे वळून तो म्हणाला, "तुम्ही म्हणालात ना."

ही सगळी सुनेची करणी. सून चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. लग्न होऊन आली त्या वर्षी ती हौसेनं म्हणाली, बाबा, या दुकानात, तुमचे डोळे बघते. तो गेला. उंच खुर्ची, समोर उजेडाचा तक्ता, त्यावर वर मोठी आणि खाली बारीक होत गेलेली अक्षरं. पहिली ओळ वाचा, बाबा. दिसत नाही, तो म्हणाला. सर्वांत वरचं, एकच अक्षर आहे. नाही दिसत. ऐंशी मीटरवरून नटाला वॉशर आहे की नाही हे सांगणारा माणूस, पुस्तकाएवढं अक्षर दिसत नाही म्हणून सांगत बसला होता, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.  सुनेनं तक्ता बदलला. या तक्त्यावर एकच खूण होती, तीन दातांच्या फणीसारखी, कुठे डावीकडे तोंड केलेली, कुठे उजवीकडे, वर, खाली. "फणीचे दात जिकडे आहेत तिकडे हात करा," ती म्हणाली. त्यानं हात केले. डावीकडे, वर, उजवीकडे, खाली. सर्वांत खालची ओळ, जी दुकानात येणारं कुणी वाचत नाही, तीही त्यानं दोन्ही डोळ्यांनी हातानं वाचून दाखवली. "तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे," सून म्हणाली, आणि घरी कुणाला एक अक्षर बोलली नाही. त्या संध्याकाळी तो बायकोसमोर जाऊन बसला आणि म्हणाला, शिकव. तेव्हा त्याला एकोणसाठ पूर्ण झाली होती.

बायको टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायची. कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरांचे पत्ते ती एका नजरेत ओळखून योग्य कप्प्यात टाकायची. सगळ्या गावाचं वाचते आणि नवरा कोरा, हे तिनं तीस वर्षं गिळलं होतं, आता एकदम कसं सोडेल. "फुकट शिकवणार नाही," ती म्हणाली. "एका अक्षराला एक खूण. तुमच्या त्या हातवाऱ्यांतली." मग एका बाजूला क, दुसऱ्या बाजूला उचल, एका बाजूला म, दुसऱ्या बाजूला बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, डावीकडे. खुणा विसाच्या आत संपल्या. उरलेली अक्षरं आपण दयेवर शिकवली, असं ती अजून सांगते. जोडाक्षरांना तर तिनं दया दाखवली नाही. पण तेव्हापासून गर्दीत तो पुढे निघून गेला की ती हाक मारत नाही, मूठ वर करते, आणि त्याला पाठीला डोळे असल्यासारखं कळतं, तो थांबतो.

नोकरी संपल्यावर तो खिडकीत उभा राहायला लागला. समोर नवी इमारत उठत होती, तिची क्रेन कुणी नवखा चालवत होता आणि भार सतत झोके खात होता. तो खिडकीतून हात करायचा. सावकाश. थांब. आता. त्या नवख्याला ते दिसण्याचा संभव नव्हता. "वेडे समजतील," बायको म्हणायची. "समजू दे, झोका तर थांबेल," तो म्हणायचा. सुनेनं हे आठ दिवस बघितलं आणि एके रविवारी संगणक, दोन मुठी आणि एक कॅमेरा आणून बैठकीच्या खोलीत मांडला. "बाबा, यात क्रेन आहे." त्यानं हसण्यावारी नेलं. मग बसला. पहिल्याच उचलीत त्याच्या तळहातांना ते जुनं वजन जाणवलं, जे तिथं नव्हतं, आणि तो जेवायला उठला नाही. पंधरा दिवसांनी सून म्हणाली, लोक असं खेळताना दाखवतात, बाकीचे बघतात. "दुसऱ्याचा खेळ कोण बघत बसेल?" "तुम्ही खिडकीत काय करता?" ती म्हणाली, आणि त्यानं कॅमेऱ्याकडे तोंड फिरवलं.

उलटी छत्रीनं ती सात मिनिटं कुठेतरी लोकांना दाखवली. एक म्हातारा, हवेत लटकता भार, मांडीवर हात, आणि काहीही घडत नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या चित्राशेजारी एकोणीस होते. पुढच्या आठवड्यात साठ. आणि सगळ्यांना एकच खेळ सापडला होता. थांबा, शिंक आली. थांबा, बूट घालतो. थांबा, आजोबा, थांबा, थांबा. तो प्रत्येक वेळी थांबायचा. सून दुकानातून आली की जेवताना बघायची आणि तिचा घास हातात राहायचा.

"बाबा, ते चेष्टा करतायत तुमची."

"करू दे."

"तुम्ही प्रत्येकाला थांबलात तर एक उचल व्हायला तास लागतो."

"साइटवर नियम असतो, पोरी. थांब कुणीही म्हणू शकतो. झाडूवाला म्हणू शकतो, रस्त्यानं जाणारा म्हणू शकतो. म्हटलं की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. चल मात्र एकानंच म्हणायचं. दहातले नऊ उगाच थांबवतात. पण दहावा कुठला ते वरून कळत नाही."

"मग निदान आवाज लावू या. कमेंट आली की यंत्र मोठ्यानं वाचून दाखवतं. तुमचं लक्ष कामावर राहील."

बायकोनं भात वाढता वाढता हात थांबवला. त्यानं ताटाकडे बघितलं. सून चांगल्या मनानं बोलत होती, तक्ता बदलला होता त्याच मनानं. "आवाज म्हणजे रेडिओ," तो म्हणाला. "रेडिओ बंद पडतो." मग भात कालवत म्हणाला, "गेममध्ये पूल बांधतोय, तो होईपर्यंत थांब. पूल मी वाचून पुरा करतो. नाही जमलं तर लाव तुझं यंत्र, मी परत नाही म्हणणार नाही."

रेडिओ बंद पडतो हे त्याला ठाऊक होतं, कारण तो एकदा पडला होता. ही गोष्ट घरात कुणाला माहीत नव्हती. केबिनला एक पिशवी दोरीनं वर यायची, तिच्यात डबा आणि पाण्याची बाटली. रेडिओ बंद असलेल्या त्या दुपारी पिशवीत बाटलीबरोबर एक चिठ्ठी आली. त्यानं ती उलटसुलट बघितली. रजेचं काही असेल, संध्याकाळी बायको वाचेल, म्हणून खिशात ठेवली. खाली लाल टोपीवाला बदलीचा होता, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं बोट फिरवलं आणि यानं सळयांचा भारा उचलला. आठव्या मजल्याच्या उंचीवर भारा एका बाजूनं कलला आणि सळया खाली गेल्या. त्यांचा आवाज वर उशिरा आला. त्या जागी पाच मिनिटांपूर्वी अकरा माणसं जेवत बसली होती आणि नुकतीच हात धुवायला नळावर गेली होती. एका सायकलीचा चपटा पत्रा झाला. चौकशीत सामानाची कोठी सांभाळणारा म्हणाला, मी चिठ्ठी पाठवली होती. पोचायला उशीर झाला असेल. सगळ्यांनी याच्याकडे बघितलं, आणि तो म्हणाला, हो, उशिरा पोचली. एवढंच. त्या तीन शब्दांवर तो पुढे सतरा वर्षं वर चढला आणि खाली उतरला. चिठ्ठी त्यानं टोपीच्या आतल्या पट्टीत ठेवली, टोपी बदलली की नव्या टोपीत. बायकोनं जोडाक्षरं संपवली त्या आठवड्यात तो न्हाणीघराची कडी लावून बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यानं आपल्याला लिहिलेलं काहीतरी आपणहून वाचलं. पट्टा खराब आहे. उचलू नका. पाच शब्द. नळ सोडून तो बराच वेळ बसला होता, आणि बाहेरून बायको विचारत होती की पाणी संपवायचा विचार आहे काय.

पुलाच्या दिवशी डोळ्याशेजारी दोनशे बारा होते. दुपारचे तीन. सुनेनं मुद्दाम अर्धी सुट्टी टाकली होती आणि ती मागच्या खुर्चीत गुडघे आवळून बसली होती. गेममध्ये नदीच्या दोन काठांकडून पूल पुढे आला होता, एकोणीस दिवसांचं काम, आणि मधे एक मोकळी जागा उरली होती. तिथं शेवटचा तुकडा बसवायचा. तो पडला तर खालचे खांब घेऊन पडणार आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात. त्यानं चष्मा पुसला. दोन पट्टे तुकड्याला अडकवले, दोर ताणला, तुकडा जमिनीवरून बोटभर उचलून थोडा वेळ धरला, मग वर घेतला. उजव्या बाजूची पट्टी तेवढ्यात वाहायला लागली. थांबा. तो थांबला. हा हा. पुन्हा उचल. थांबा, आजोबा, मांजर आलं. तो थांबला. चाळीस मिनिटांत तुकडा नदीच्या मध्यावर आला नव्हता. मागे सुनेच्या खुर्चीचा पाय वाजत होता. ओळी इतक्या भराभर वर सरकत होत्या की एक ओठांवर घ्यावी तर तिच्यामागून चार निघून जात. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते दुःखाचं नव्हतं, बघण्याचं होतं. त्याला वाटलं, पोरगी बरोबर म्हणत होती. यंत्राला डोळे चोळावे लागत नाहीत. प्रत्येक चिठ्ठी वाचणं आपल्यासारख्याच्या हातचं काम नाही, आपण साठीला शिकलेलं साठीइतक्याच वेगानं चालणार. त्यानं बूम डावीकडे घ्यायला सुरुवात केली. आणि वाहत्या ओळींत त्याला एक तोंड ओळखीचं दिसलं.

ते वाचावं लागलं नाही. गर्दीत आपलं माणूस दिसतं तसं ते दिसलं. पट्टा. प, मग ट वर ट, मग काना. टोपीच्या आत सतरा वर्षं घामानं पिवळं पडलेलं ते अक्षर. ओळ वर सरकून गेली त्याच्या आधी हात थांबले होते. "कुणीतरी पट्टा म्हणालं," तो मोठ्यानं म्हणाला. "परत लिहा. सावकाश लिहा." पट्टी क्षणभर ओसाड झाली. दोनशे बारा माणसं एकदम गप्प बसली तर कसं दिसतं, ते त्यानं पहिल्यांदा बघितलं. मग उलटी छत्रीची ओळ आली आणि तिथंच राहिली. त्यानं ती माइकसमोर, ओठ न लपवता, अक्षर अक्षर लावून वाचली: "आजोबा. डाव्या. बाजूचा. पट्टा. सरकतोय."

खालच्या कोपऱ्यात गेम भाराचं खालून दिसणारं चित्र दाखवत असे. तो जन्माचा वरून बघणारा, तिकडे त्याचं कधी लक्षच जात नसे. त्यानं बघितलं. डावा पट्टा तुकड्याच्या कडेपर्यंत आला होता, चार बोटं उरली होती. आणखी एक वळण आणि गेला असता. त्यानं श्वास न सोडता तुकडा आल्या वाटेनं मागे घेतला, काठावर उतरवला, दोर सैल केला, आणि मग श्वास सोडला. मागे सुनेनंही सोडला. पट्टी नुसती टाळ्यांच्या चित्रांनी भरून गेली. त्यानं डावा पट्टा पुन्हा बांधला, आत घेऊन, दुहेरी फास देऊन, आणि बांधता बांधता, कुणी विचारलं नसताना, बोलायला लागला.

"एकदा मला अशीच चिठ्ठी आली होती," तो म्हणाला. "खरी क्रेन होती. पट्टा खराब आहे, उचलू नका, असं लिहिलं होतं. मी उचललं. खाली अकरा माणसं असायची, ती हात धुवायला गेली म्हणून वाचली. मी सगळ्यांना सांगितलं चिठ्ठी उशिरा पोचली. चिठ्ठी वेळेवर पोचली होती, सतरा वर्षं माझ्या टोपीत होती. मला वाचता येत नव्हतं." तो थांबला, गाठ ओढून बघितली. "आता येतं. जरा हळू येतं. म्हणून तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबतो. चेष्टा करा, हरकत नाही. पण थांबतो."

भिंतीपलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. 

 पट्टीवर एकानं लिहिलं, चला आजोबा. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी, चला, चला, चला, खालून वर, धबधबा उलटा वाहावा तसं. सून म्हणाली, "बाबा, चला म्हणतायत." त्यानं हात मांडीवर ठेवले होते. दोर ताणलेला, पट्टे घट्ट, वारा नाही, सगळं तयार, आणि तो बसून होता. "ऐकलं," तो म्हणाला. "पण चल एकानंच म्हणायचं असतं." "मग कुणी म्हणायचं?"  गेममध्ये लाल टोपी नव्हती. इतके दिवस आपण आपल्यालाच चल म्हणत आलो, हे त्याला आत्ताच कळत होतं, आणि आज ते तोंडातून निघत नव्हतं. दोनशे तीस झाले. दोनशे साठ. म्हातारा पुन्हा हातांवर हात ठेवून बसलाय म्हणून लोक येत होते.

पडद्याच्या एका कोपऱ्यात त्याचं स्वतःचं चित्र होतं, खुर्ची, खांदे, मागे दार. त्या दारात बायको येऊन उभी राहिली. हात ओले, पदर खोचलेला. तिचे डोळे लाल होते की कॅमेऱ्यामुळे तसं वाटत होतं, ते इतक्या बारीक चित्रात कळत नव्हतं. तो मागे वळला नाही. दोर ताणलेला असताना क्रेनवाला वळत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं आधी डोळ्यांवरून हाताची पाठ फिरवली. मग उजवा हात उंच केला, दुकानात, बाजारात, रस्त्यात तीन वर्षं वापरून सफाईदार झालेला हात, एक बोट वर, आणि ते सावकाश गोल फिरवलं.

उचल.

त्यानं उचललं. तुकडा काठावरून सुटला, नदीवर आला. पट्टीवर कुणी थांबा लिहिलं नाही. तो पट्टी बघतही नव्हता, तो त्या बारीक चित्रातल्या हाताकडे बघत होता. डावीकडे, तिनं दाखवलं, तिला खरं तर पूल नीट दिसतही नसेल, पण डावीकडेच होतं. अजून. अजून. मूठ. तो थांबला. झोका शमला. मग तळवा खाली करून तिनं तो हळूहळू फिरवला, पाळण्यातलं पोर झोपवतात तितका हळू, आणि तुकडा दोन टोकांच्या मधे उतरत गेला, बोट, अर्धं बोट, आणि बसला. दोर सैल पडला. हुक रिकामा डोलला. सून खुर्चीतून उठून उभी राहिली होती आणि दोन्ही हात तोंडावर धरून रडत होती की हसत होती. डोळ्याशेजारी चारशे आठ होते, पण तो आकडा त्यानं नंतर बघितला.

"झालं?" दारातून बायको म्हणाली.

"झालं."

"सतरा वर्षं टोपीत ठेवलीत. मी रोज टोपी झटकत होते." तिचा आवाज जरा ओला होता. "एकदा माझ्या हातात दिली असती तर?"

"कप्प्यात टाकली असतीस."

"योग्य कप्प्यात टाकली असती," ती म्हणाली, आणि आत गेली. थोड्या वेळानं, त्याच्या पडद्याच्या उजव्या बाजूला, शेकडो लोकांच्या ओळींत, पहिल्या दिवसापासून बघणाऱ्या त्या एकाची पहिली ओळ उमटली. जोडाक्षरं मुद्दाम टाळलेली होती. त्यानं माइक सरळ केला आणि ओठ न हलवता, पहिल्या झटक्यात, घडाघडा वाचून दाखवली:

"थांबा, मी चहा घेऊन येते."

तो थांबला.